आधीच फेडलेला नवस

पापलेटचा कल्ला अंगठ्याने वर उचलायची आणि स्वतः मात्र रस्त्याकडे तोंड करायची. आत लाल आहे हे तिला ठाऊकच, खात्री काय ती तुम्ही करा. "बघ तरी," म्हणायची. "बघायला काय पाप लागत नाय."

सरावलीच्या नाक्यावर पिठाच्या चक्कीचा ओटा आहे, त्याच्या खाली ती बसायची. तुम्ही इकडे भाड्याने राहिला असाल, कंपनीत पाळ्या केल्या असतील, तर तुमच्याही घरात तिची मासळी शिजलेली असणार. दातिवऱ्याची कोळीण. नावाने तिला कोणी हाक मारली नाही. गिऱ्हाइकं मावशी म्हणायची, मी बाय म्हणायचो. ती मला दादा म्हणायची आणि वर अरेतुरे करायची. वय आमचं सारखंच असेल, चार महिने इकडे तिकडे.

तोंडाने फटकळ. कोणी मासा फार दाबून बघितला की, "डॉक्टर हायस काय रे? नाडी बघतोस?" एकदा एका उत्तरेकडच्या कामगाराने विचारलं, "ताजा है क्या?" ती म्हणाली, "तेरे से जास्ती ताजा है." तो हसला आणि कायमचा गिऱ्हाईक झाला.

माझ्या बायकोशी मात्र तिचं वेगळं होतं. बोंबलाचा एक वाटा घ्यायला दोघींना अर्धा तास लागायचा. शेवटी वाट्यावर आणखी दोन बोंबील ठेवायची. "हे तुज्या म्हाताऱ्याला, वैनी. बॉयलरजवळ उभा राहून सुकलाय." मी तेव्हा कंपनीत बॉयलरवर होतो. सुकलो होतो हे खरं.

मग बायको आजारी पडली. पालघरच्या दवाखान्यात ठेवली. चौथ्या दिवशी डॉक्टर माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघायला लागला, तेव्हा मी बाहेर येऊन गावदेवीला नवस बोललो. ही बरी होऊन घरी आली तर जन्मभर मासळीला शिवणार नाही, घरात शिजू देणार नाही. मटण, अंडं, काही नाही.

नवस फेडतात तो काम झाल्यावर. हे पोरासोरांनाही माहीत. पण माझा स्वभाव पहिल्यापासून असा. कोणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, देवाचंही नाही. देवीला वाट कशाला बघायला लावायची, म्हणून त्याच दिवसापासून सोडलं. सुनेला सांगितलं, घरातली सुकट बाहेर काढ. बायकोच्याही कानावर ते गेलंच.

दोन दिवसांनी बायको म्हणाली, "तोंडाला चव नाय. बोंबलाचं पातळ कालवण मिळेल काय?"

मी म्हटलं, "बरी हो, मग बघू."

"बरी झाली तर तुमी खाऊ देणार नाय. आजारी हाय तर मिळत नाय. मग मी खाऊ कधी?" असं म्हणून ती हसली. हसताना तिला धाप लागली.

तिने सुनेकडून निरोप धाडला असणार. दुसऱ्या दिवशी कोळीण दवाखान्यात हजर. हातात स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला. मी खोलीच्या दारात उभा राहिलो.

"नवस हाय," म्हटलं.

"नवस आधी कोन फेडतं रे दादा?"

"मी फेडतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. भांडेल असं वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. डबा पदराखाली घेतला आणि गेली. तिसऱ्या दिवशी बायको गेली.

बाराव्यापासून लोक सांगायला लागले. देवीने तिचं काम केलं नाही, तुम्ही मोकळे. गुरवही तेच म्हणाला. मी म्हटलं, शब्द मी दिला, तो मी पाळणार, देवीचं देवीपाशी. चाळीत माझं नाव झालं. भाडेकरू म्हणायचे, "चाचा, आप तो महाराज हो गये." मीही छाती काढून चालायचो.

खरं कारण कोणाला सांगितलं नाही. आता खाल्लं, तर तो डबा दारातून परत कशाला पाठवला? याला मग माझ्याकडे उत्तर उरलं नसतं. खात नव्हतो तोपर्यंत होतं.

अशी सहा वर्षं गेली. डाळ, कोबी, बटाटा, परत डाळ. शिकलेले लोक शाकाहाराने अंग हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. जेवणाचा कंटाळा यायचा, तसा उठण्याचा यायला लागला, मग बोलण्याचा. डॉक्टरने सांगितलं, अंडं तरी खा. मी गोळ्या लिहून द्या म्हटलं. रविवारी सून शेजारणीच्या चुलीवर रांधायची आणि तिकडेच जेवून यायची. हाताला लिंबाचा वास. मला कळायचं आणि मला कळतं हे तिलाही कळायचं. दोघंही चहा प्यायचो.

आणि नाक्यावरून गेलो की ही बसलेलीच. कल्ला उचलायची, तोंड रस्त्याकडे. "बघ तरी, दादा."

मी बघायचो नाही. सहा वर्षांत एकदाही तिने त्या डब्याचा विषय काढला नाही. मला वाटायचं, मनाची मोठी आहे.

गेल्या वर्षी तिचे गुडघे फार सुजले. पाटी डोक्यावरून उतरवायला दोन माणसं लागायची. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मला म्हणाली, "दादा, बस जरा."

मी ओट्यावर बसलो. ती विळीवरची खवलं खरवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्या दिवशी मी गेली नाय रे."

"कुठल्या दिवशी?"

"दवाखान्यात. तू दारातून परत पाठवली, तवा जिन्यात बसली. तू औषध आणायला खाली गेलास. मी आत गेली. वैनीला कालवण दिलं. दोन चमचे. तिसरा नको बोलली."

समोरून टेम्पो गेला, त्याची धूळ बसेपर्यंत ती थांबली.

"तिसऱ्या दिवशी गेली ती. तवापासून माज्या पोटात हाय हे. आता गुडघे असे झाले, मी किती दिवस येनार? म्हनून इचारते. माज्यामुळं गेली काय रे? तुजा नवस मी मोडला काय?"

मी काठी घेतली आणि उठून घरी आलो.

पहिले दोन दिवस मला फक्त राग येत होता. माझ्या पाठीमागे, माझा शब्द, माझी बायको. तिसऱ्या दिवशी सुनेने डाळभात वाढला. पहिला घास हातात घेतला आणि एकदम मनात आलं, बायको तोंडाला चव घेऊन गेली. मी नाही म्हटलं तरी तिला मिळालं. सहा वर्षं छातीवर काहीतरी ठेवलेलं होतं, ते थोडं सरकलं. घास तसाच ताटात ठेवला. सून घाबरली. म्हणाली, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, "काय नाय. डाळ गरम हाय."

मग त्या बाईचा विचार आला. तुझ्यामुळे नाही गेली, एवढं तिला सांगायचं होतं. पण नुसतं तोंडाने सांगून ती मानणार नव्हती. मी सांगणार, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या समोरून कोबी घेऊन जाणार. कोण विश्वास ठेवेल?

पाचव्या दिवशी नाक्यावर गेलो. मला बघून ती मध्येच थांबली. हातात पापलेट, अंगठा कल्ल्यात तसाच.

"बाय, उद्या बोंबलाचं कालवण आण," मी म्हटलं. "त्याच डब्यात."

"कोनाला?"

"मला."

दुसऱ्या दिवशी तिने डबा आणला. फडकं नवीन होतं, डबा तोच, एका बाजूला चेपलेला. मी चक्कीच्या ओट्यावर सगळ्यांच्या देखत बसलो. लपूनछपून खाणं माझ्याच्याने झालं नसतं. एक भाडेकरू थांबला. "अरे चाचा! आप तो महाराज थे!"

"तू चल इदरसे," ती त्याला म्हणाली. "तेरे बाप का खाता है क्या?"

बोंबील मऊ, चमच्यातून दोनदा निसटला. मी खाल्ला. आज ती रस्त्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मीठ?" तिने विचारलं.

"कमी हाय."

तिने विळी बाजूला ठेवली.

"तीपन हेच बोलली," ती म्हणाली. "मीठ कमी हाय बोलली."

मी डबा संपवला. शेवटचं कालवण झाकणात ओतून प्यालो. तिच्या प्रश्नाला दुसरं उत्तर मी दिलं नाही, तिनेही परत विचारलं नाही.

त्यानंतर महिनाभर आली असेल. मग गुडघ्यांनी सोडलं. लेकीकडे असते म्हणतात, कोणी सांगतं ओळखत नाही आता कोणाला. ओट्याखाली केळ्यांची गाडी लागते.

आमच्या घरात मासळी शिजते. पहिल्यासारखी चव मला लागत नाही, पण खातो. वाढून झालं की सून उभी राहते. विचारते, "बाबा, मीठ बरोबर आहे ना?"

मी कमी आहे म्हणतो. बरोबर असलं तरी.