आईंनी लिहिलेले एकोणपन्नास

आई गेल्या.

मागच्या मंगळवारी, दुपारचा चहा झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. कप धुऊन पालथा घातलेला होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, शालिनी. नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळ्यांनी ‘प्रेमळ माता, आदर्श गृहिणी’ असं लिहिलंय. खोटं नाही ते. पण आई ते वाचून वैतागल्या असत्या, म्हणून ही पोस्ट.

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा आई पन्नाशीला टेकल्या होत्या आणि काहीतरी शोधत होत्या.

माळ्यावर हार्मोनियम होती. गच्चीत सात बोन्साय, त्यातले पाच वाळलेले. केकचे साचे. योगवर्गाचं ओळखपत्र, जेमतेम दोन महिने वापरलेलं.

“आई, या महिन्यात काय?” असं मी विचारायचे. त्याही हसायच्या. वेळ जात नाही म्हणून चाललंय सगळं, असं मला वाटायचं.

मग त्या वारली चित्रं शिकायला एसटीने हरसूलला जायला लागल्या. तिथल्या एक बाई आपल्या घरीच शिकवायच्या. तिसऱ्या रविवारी आई लवकर परत आल्या. त्या बाईंनी सरळ सांगून टाकलं होतं, “ताई, हात चांगला हाय तुमचा. पण ध्यान इथं नाय.”

मी नेहमीसारखी थट्टा केली आणि आईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तुला नोकरी आहे. यांना ऑफिस होतं. मी कशात चांगली आहे, हे मरायच्या आधी एकदा कळायला नको का गं मला?”

त्या दिवसापासून मी थट्टा बंद केली.

त्यानंतर काही महिन्यांनी माझा नवरा नितीन मांडीला बांधायचं थाय पॅड घरी विसरून मॅचला गेला. रविवारचं क्लब क्रिकेट, देवळाली कॅम्पकडच्या मैदानावर. आई पॅड द्यायला रिक्षाने गेल्या.

त्या दिवशी स्कोअरर आलाच नव्हता. कॅप्टन म्हणाला, काकू, बसा जरा, मी सांगतो तसं लिहा.

आई संध्याकाळी घरी आल्या. चेहरा उन्हाने लाल, पोटात सकाळच्या पोह्यांशिवाय काही नाही. चपलाही न काढता मला सांगायला लागल्या.

रन न गेलेला एक बॉल म्हणजे एक ठिपका. ओव्हरमध्ये एकही रन गेला नाही तर सहा ठिपके जोडायचे. “रांगोळीच की गं!”

आणि दुसरी गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलला.

“अंपायर खूण करतो ना, चौकार, वाइड, काहीही, ती आपल्या टेबलाकडे बघून करतो. आपण हात वर केला की मगच पुढचा बॉल. तोवर सगळे थांबतात. बावीस वर्षांचे ते धटिंगण, माझ्या हाताची वाट बघत उभे होते.”

पुढची अकरा वर्षं आई स्कोअरर होत्या.

नियमांचं पुस्तक आणून त्यांनी ते पाठ केलं. परीक्षा दिली. चार रंगांची पेनं, पट्टी, दुर्बीण आणि शेंगदाण्याचे लाडू अशी त्यांची पिशवी असायची. आमचा साखरेचा डबा रिकामा असायचा, पण त्यांच्या पेनातली शाई कधी संपली नाही.

आता ती मॅच.

नितीन एकोणपन्नासवर होता. आयुष्यात त्याचे कधी पन्नास झाले नव्हते. बॉल कुठेतरी लागून मागे गेला, तो पळाला, कुणीतरी बोर्डावर ५० लावले. टाळ्या, शिट्ट्या. नितीनने बॅट उंचावली, मीही उभी राहून ओरडले. पुढच्या ओव्हरला, आणखी एकही रन न काढता, तो आउट झाला.

आईंच्या वहीत एकोणपन्नास होते.

बॉल पॅडला लागला होता. अंपायर वाघकाकांनी गुडघ्याला हात लावून लेग बायची खूण केली होती, म्हणजे रन टीमचा, बॅट्समनचा नाही. सगळा गोंगाट चालू असताना ती एकट्या आईंनी बघितली होती आणि हात वर केला होता.

पोरं टेबलाभोवती जमली. टीमला रन मिळालाच आहे, मॅचही आपण जिंकलोय, नितीनच्या नावावर लिहिलात तर कुणाचं काय जातंय?

नितीन म्हणाला, “आई, एकच तर रन आहे.”

आईंनी पेनाला टोपण लावलं. “तो तुझा नाही.”

नितीन दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू. स्वयंपाकघरात मी म्हटलं, आई, आईच्या मायेने तरी...

त्या कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तिथं मी नितीनची आई नसते गं. तिथं मी असते.”

त्यानंतर नितीनचे पन्नास कधीच झाले नाहीत. गेल्या वर्षी त्याने त्या पानाचा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. खाली आईंची सही आहे. नुसतं ‘शालिनी’.

काल रविवार. नितीन जाणार नव्हता, मीच त्याला ओढून नेलं.

स्कोअर मोबाइलवर, अ‍ॅपवर लिहायचं ठरलं होतं. एक जण पॅव्हेलियनमध्ये फोन घेऊन बसला होता. झाडाखालचं आईंचं टेबल आणि खुर्ची कुणी हलवली नव्हती.

तिसऱ्या ओव्हरला चौकार गेला. वाघकाकांनी सवयीने रिकाम्या टेबलाकडे बघून हात हलवला.

आणि थांबले.

बोलर रनअपवर उभा. सगळे उभे. काकांच्या लक्षात आलं असावं, पण त्यांना वळता येईना.

नॉन-स्ट्रायकर एंडला, काकांच्या शेजारीच, नितीन होता. त्याने बॅट खाली ठेवली आणि हात वर केला. मग मी केला. मग मैदानावरच्या सगळ्यांनी.

काकांनी मान हलवली. पुढचा बॉल पडला.

शालिनीबाई, तुम्ही कोण होतात ते आम्हाला कळलंय. नीट जा.