मी वादळ मागितलं होतं

देवाकडे माणसं काय काय मागतात. मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, घरातलं दुखणं बरं होणं. मी मात्र एका सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात, पिंडीवर हात ठेवून, समुद्रात वादळ यावं असं मागितलं होतं. ही गोष्ट मी आजवर यांनाही पूर्ण सांगितलेली नाही. आधी लाज वाटायची, मग भीती वाटायची. आता दोन्ही थोडं कमी झालंय, म्हणून लिहून ठेवते.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती. हे अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगांच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. घरातला एक टॉवेल धड पांढरा राहिला नाही, सगळ्यांवर निळे डाग. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. त्या वर्षी कुठल्याशा सप्लायरनं एक कॅलेंडर दिलं. त्यात जानेवारीच्या पानावर लक्षद्वीपच्या बेटाचा फोटो होता. यांनी तो महिना उलटूच दिला नाही. जानेवारी संपला, मार्च संपला, भिंतीवर बेट तसंच. मग गणपतीनंतर एक दिवस जेवताना म्हणाले, "कोचीनहून बोट जाते. पाच दिवस. आपण जायचं."

मी हातातला घास तसाच ठेवला. माझं माहेर बदलापूर गावातलं, उल्हास नदी हाकेच्या अंतरावर. मी सात वर्षांची असताना माझा धाकटा काका पुरात वाहून गेला. तिसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं तेव्हा आम्हा मुलांना आतल्या खोलीत कोंडलं होतं, पण दाराच्या फटीतून मला त्याचा एक हात दिसला. तेव्हापासून मी घोट्याच्या वर पाण्यात पाय घातला नाही. चौपाटीवर गेलो तरी मी लांब वाळूत चपला सांभाळत बसणार. हे यांना माहीत होतं, तरी त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. असं ते सहसा करत नसत.

कारखान्याचं शटडाऊन दिवाळीच्या आधी असायचं, म्हणून बेत ऑक्टोबरचा ठरला. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या दुकानांच्या वरच्या माडीवर, एका सिंधी गृहस्थांचं तिकिटांचं ऑफिस होतं. शेअर रिक्षानं आम्ही तिथे गेलो. माणूस सरळ होता. चहा मागवून म्हणाला, "साब, अक्टूबर का भरोसा नहीं. बारिश जाते जाते कभी तूफान छोड़ जाती है. जनवरी में जाओ ना, समुंदर शांत रहता है."

हे हसले. "जानेवारी कुणी पाहिलाय, शेठ?"

मला ते बोलणं खटकलं, पण जिना उतरेपर्यंत मी विसरलेसुद्धा.

मग घरात नुसती तयारी. यांनी एक वही केली. त्यात रेनकोट, टॉर्च, उलटीच्या गोळ्या, आवळासुपारी, मेणकापडात गुंडाळायच्या वस्तू, सगळं लिहिलेलं. रोज संध्याकाळी रेडिओवरचे हवामानाचे अंदाज ऐकून त्याचीही नोंद. बॅग पंधरा दिवस आधीच कॉटखालून बाहेर आली. मी त्या बॅगेला हात लावला नाही. "तुमचं तुम्ही भरा," मी म्हणाले. ते एकटेच भरत बसायचे, शर्ट घडी करताना मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायचे. मला वाटायचं, समुद्राचा विचार करतायत.

माझा सोमवारचा नेम होता. अंबरनाथचं मंदिर ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिथला गाभारा जमिनीच्या खाली आहे. मंडपातून काळोख्या पायऱ्या उतरून जायचं, आणि वर मात्र आकाश उघडं. त्या सोमवारी मी पिंडीवर हात ठेवला आणि मनात म्हणाले, देवा, ही सफर रद्द होऊ दे. मोठं वादळ येऊ दे, बोटच सुटू नये असं. घरी परतताना मला फार हलकं वाटलं.

गुरुवारी रेडिओवर सांगितलं, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय. शुक्रवारी त्याचा जोर वाढला. शनिवारी मच्छीमारांना इशारा आला, पण खोल समुद्रात गेलेल्या काही होड्या अजून परतायच्या होत्या. हे वहीत टिपून घेत होते. मी मागितलं आणि ते येत होतं. स्वयंपाकघरात पाण्याचं पिंप भरताना त्यातून कुणी बघतंय असं वाटून मी झाकण घाईनं लावलं. रविवारी मला जेवण गेलं नाही.

सोमवारी दुपारी मी पुन्हा मंदिरात गेले. ऑक्टोबरचं ऊन, आवारातले दगड तापलेले, आत चिटपाखरू नाही. मी पायऱ्या उतरायला लागले आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर पायाला ओलं लागलं. खाली वाकून पाहिलं तर पावलांचे ओले ठसे, एकामागून एक, खाली उतरत गेलेले. कुणी शेजारच्या नदीत बुडी मारून आलं म्हणावं, तर कारखान्यांच्या पाण्यानं त्या नदीत कुणी पाय धुवायचंही सोडून दिलं होतं.

खाली पिंडीच्या बाजूला एक बाई बसली होती. कोळणींसारखं घट्ट नेसलेलं लुगडं, नखशिखांत भिजलेलं. केसांतून पाणी दगडावर ठिबकत होतं आणि त्या बंद जागेत तो आवाज फार मोठा वाटत होता. वास नदीचा नव्हता. बंदरावर असतो तसा, खारा. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी घाईघाईनं तांब्यातलं पाणी पिंडीवर घातलं आणि बेल वाहिला.

"काय मांगलंस तं परत घे गो बाय," ती म्हणाली.

माझ्या हातातून तांब्या निसटला. मी कसंबसं म्हणाले, "काय?"

"माजी मानसं दर्यान हायत."

बस, एवढंच. आवाजात राग नव्हता. दार लोटून घे म्हणून सांगावं, तसं ती बोलली. मी कपाळ दगडाला टेकवलं, डोळे गच्च मिटले. देवा, मी मागितलं ते परत घेते, माझ्या भीतीपायी कुणाची माणसं नेऊ नकोस. आम्हाला न्यायचं असेल तर ने, राखायचं असेल तर राख, मी आता मध्ये बोलणार नाही. किती वेळ तशी होते ते सांगता येत नाही. डोळे उघडले तेव्हा गाभाऱ्यात मी एकटीच होते. वर जायला त्याच पायऱ्या, दुसरी वाट नाही. त्यांवरचे ठसे अजून वाळायचे होते. सगळे खाली उतरणारे. वर गेलेला एकही नव्हता.

बाहेर सावलीत गुरव बेलाची पानं निवडत बसले होते. मी विचारलं, "आत्ता कुणी बाई वर आली का? भिजलेली?"

"दुपारपासून तुम्हीच पहिल्या, ताई. पाणी देऊ का? बसा जरा."

त्यांचा डोळा लागला असेल. मलाच उन्हानं भोवळ आली असेल. ओठांवर खारट चव होती, ती घामाची असेल. मी ती कोण होती हे ठरवायच्या भानगडीत पडत नाही.

घरी आले. हे कामावर होते. देवाला शब्द देऊन आले होते, मध्ये बोलणार नाही म्हणून. तेव्हा जायचंच तर नीट जावं, असं मनाशी म्हटलं, पदर खोचला आणि पहिल्यांदा ती बॅग पुढ्यात ओढली. यांच्या घड्या म्हणजे बोळे. सगळं बाहेर काढून पुन्हा भरायला घेतलं. तळाशी रेनकोट होते आणि त्यांच्यामध्ये एक प्लॅस्टिकची पिशवी. आत जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली, ईसीजीची घडी केलेली पट्टी आणि बदलापूरच्या एका डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठी इंग्रजीत होती, पण दोनदा अधोरेखित केलेला 'अर्जंट' मला वाचता येत होता. अंबरनाथमध्ये कुणाला कळू नये म्हणून हे बदलापूरला जाऊन दाखवून आले होते.

संध्याकाळी मी चहाच्या कपाशेजारी ती पिशवी ठेवली. त्यांनी बूटही काढले नव्हते. तसेच खुर्चीत बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून. जिना चढताना दुखतं."

"आणि हे घेऊन बोटीवर चढणार होतात? पाच दिवस, जिथे धड डॉक्टर नाही?"

"आल्यावर सांगणार होतो." "ऑपरेशन करायचं म्हणतात गं. टेबलावरून उठलोच नाही तर? एकदा समुद्र बघून घ्यावा, मग काय व्हायचं ते होऊ दे, असं वाटलं."

मला रागावताच येईना. मी वादळ मागत होते आणि हा माणूस उरलेले दिवस मोजत होता. एकाच घरात, एकाच ताटलीतली पोळी मोडत, आम्ही एकमेकांपासून केवढं लपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी परत घरी पाठवलंच नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तीन ठिकाणी अडथळे होते. बोट सुटायची त्याच आठवड्यात त्यांचं ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर बसून मी काही मागायचा प्रयत्न केला, पण तोंडात दुसरं काही येईना. ने किंवा राख, एवढंच. राखलंस, देवा.

कमी दाबाचा पट्टा दूर समुद्रातच विरून गेला, असं रेडिओनं ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं. पुढे एकदा ते सिंधी शेठ मोसंबी घेऊन भेटायला आले. म्हणाले, "भाभी, बोट आ गई वापस. पाँचों दिन समुंदर एकदम मक्खन था." यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोसंबं सोलत राहिले. गेलो असतो तर बाहेर काहीच झालं नसतं. जे व्हायचं ते आमच्या केबिनमध्ये झालं असतं. मी नको त्या दिशेला बघून घाबरत होते.

सव्वा वर्षानं, डॉक्टरांना विचारून, आम्ही गेलोच. भीती गेली होती असं नाही. कोचीनला बोटीची शिडी चढताना मी खाली बघितलं नाही, आणि रात्रभर मी कॉटची दांडी धरून होते. बेटापाशी मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. बाजूच्या दारातून छोट्या होडीत उतरावं लागतं. होडी लाटेवर वर येते, पुन्हा खाली जाते, मध्ये हातभर पाणी. हे आधी उतरले. मी दाराशी कठडा धरून उभी, आणि माझी बोटं काही केल्या उघडेनात. होडीतल्या बेटावरच्या माणसानं दोन्ही हात वर केले.

"छोड़ो अम्मा! तुम छोड़ो, हम पकड़ेगा!"

मला ना पोहता येत होतं, ना तो माणूस ओळखीचा होता. होडी वर आली, आणि मी कठडा सोडला.