खटाखटीची काडतुसं

माझं माहेर झरीचं. तिथलं रान सपाट, काळं. लग्न होईपर्यंत मी रानडुक्कर पाहिलेलं नव्हतं. सासर मिळालं ते जिंतूरच्या पलीकडे, डोंगराला टेकलेलं गाव. ज्वारी निसवायला, कणसं बाहेर पडायला लागली की डुकरांचे कळप खाली उतरायचे. खायचे थोडं, तुडवायचे जास्त. सकाळी रानात गेलं तर कोणीतरी लोळून गेल्यासारखा ज्वारीचा पट्टा आडवा झालेला दिसायचा.

सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. हे परभणीला कचेरीत कारकून, कधीमधी रजा मिळाली की यायचे. घरात मामंजी आणि मी. मामंजींकडे लायसनची विलायती बंदूक होती. बदली होऊन हैदराबादला निघालेल्या जंगलखात्याच्या एका अंमलदाराकडून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. नळीखालचा लाकडी दांडा मागं ओढला की रिकामं काडतूस बाहेर उडायचं आणि पुढं सारला की नवं आत जायचं. त्या आवाजावरून गावानं तिचं नाव ठेवलं होतं, खटाखट. आजूबाजूच्या गावांत तशी दुसरी नव्हती. त्यामुळे डुकरं कोणाच्याही रानात शिरोत, माणूस आमच्याच दारात यायचा.

जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि हैदराबादहून येणारी काडतुसं बंद झाली. मग मामंजी झाडलेली काडतुसं पुन्हा भरायला लागले. फुटलेली टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी बारकी वाटी, बुडातून काढायची, नवी बसवायची, दारू घालायची, वर नमद्याची, जाड दाबलेल्या लोकरीची, चकती दाबायची, मग छर्रे, मग मेणानं तोंड बंद. वर्षभर त्यांनी केलं. पुढं त्यांच्या हाताला कंप सुटला. दारू सांडायला लागली.

एकदा दुपारी म्हणाले, "सूनबाई, तुजा हात शिवणाला चांगला हाय. बघ जमतंय का."

जमलं. जमलं हेच वाईट झालं. पहिले काही दिवस मलाही नवल वाटलं, नंतर ते भाकरी-धुण्यासारखं एक काम होऊन बसलं. चूल विझवून, राखेवर पाणी मारून, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसायचं. साध्या दुनळी बंदुकीत जरासं फुगलेलं काडतूस अंगठ्यानं दाबून बसवता येतं. खटाखटीला ते चालायचं नाही, वाटेतच अडकायचं. म्हणून भरलेलं प्रत्येक काडतूस एका पितळी कड्यातून घालून बघायचं. अडलं की पुन्हा उघडायचं. जुन्या जिनाचा नमदा संपला तेव्हा मी फाटक्या घोंगडीच्या चकत्या कापल्या. छर्रे पुरेनात म्हणून शिसं वितळवलं. मारलेलं डुक्कर वडार घेऊन जायचे. त्यांच्या बायका मांसातून निघालेले छर्रे धुऊन मला आणून द्यायच्या. मी तेच पुन्हा भरायची. डुकरं काही कमी होत नव्हती. आज भरायचं, उद्या उडवायचं, परवा रिकामं नळकांडं घेऊन बसायचं.

शेजारच्या रानवाल्यांना मी भाऊजी म्हणायची. ते एका संध्याकाळी धावत आले. "मामा, डुकरं यायलेत, बांधावर हायेत!" मामंजी बंदूक घेऊन गेले. मी दिवा लावत होते. एक आवाज झाला, पण नेहमीचा नव्हता. फटाका हातात फुटावा तसा.

भाऊजींनी त्यांना खांद्यावर टाकून आणलं. चाप ओढला तेव्हा बार उडालाच नव्हता. वाया गेलं समजून मामंजींनी सवयीनं खटका दाबला आणि दांडा ओढला. काडतूस अर्धं बाहेर आलं आणि तेवढ्यात पेटलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली, गालात पितळेचे तुकडे घुसले. बैलगाडीतून जिंतूरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी हूं केलं नाही. मीच रडत होते. काडतूस मी भरलेलं होतं.

"रडू नको," ते म्हणाले. "टोपी सर्दलेली व्हती. या दिवसांत नवी कुठून आणणार तू?"

जखम भरली. पण गावाची गरज तशीच होती. महिनाभरानं भाऊजी ओसरीवर येऊन बसले.

"वैनी, माझा निम्मा तुकडा गेला. मामाला आता जमायचं न्हाई. तुमी काडतुसं भरा, बंदूक मी चालवतो."

"लायसन माझ्या नावाचं हाय," मामंजी आतून म्हणाले. "बंदूक घराबाहेर द्यायची न्हाई."

भाऊजी उठले नाहीत. त्यांची बायको बाळंतीण होती, घरात खाणारी तोंडं पाच-सहा. मी मामंजींकडे पाहिलं. घराबाहेर जायला नको म्हणून मीच बंदूक उचलली, आणि मामंजी काठी टेकत माझ्यामागं आले.

ऊन कलताना मी भाऊजींच्या रानातल्या राखणीच्या माळ्यावर चढले. मामंजी खाली उभे राहून हळू आवाजात सांगत होते, "घाई करू नको. न्हाई उडला तर दांड्याला हात लावू नको. तशीच धरून बस." कळप आला. मी पुढच्या डुकरावर चाप ओढला. बार उडाला, खांद्याला धक्का बसला, डुक्कर पडलं. ती मादी होती. तिची पिलं तिच्याभोवती फिरत राहिली, पळेनात. भाऊजी खालून ओरडत होते, "वैनी, मारा की! अजून मारा!" माझ्यानं दांडा ओढवला नाही. मी खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी बायका मला बघायला आल्या. लय कौतुक झालं. आणि त्या आठवड्यात आणखी तिघांनी बोलावलं. मी गेले. त्या सुगीत बऱ्याचदा गेले. खांदा काळानिळा पडला होता, तसाच घेऊन मी दळायला बसायची.

निजामाच्या राजवटीचं शेवटचं साल उजाडलं. रस्त्यानं हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या, गावं रिकामी व्हायला लागली. पोलिसांची दवंडी आली, बंदुका ठाण्यात जमा करा. त्याच दुपारी गावातली चार तरणी पोरं आमच्या ओसरीवर आली.

"काकू, बंदूक द्यायची न्हाई. काडतुसं भरा. पण बारीक छर्रे नकोत, जाड शिसं घाला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? डुकरासाठी न्हाई."

मामंजींनी पांघरुणातून डावा हात काढला आणि त्यांच्यापुढं धरला. "ही भरलेली काडतुसं हायेत. समोरच्याच्या आधी हातात फुटत्यात. कोण धरणार, पुढं या."

पोरांनी हात पाहिला. एकजण माझ्याकडे वळला. "काकू, तुमी काय म्हणता?"

मला भीती होती. टोळी आली तर ही पोरंच मधे उभी राहणार, हेही कळत होतं. पण खरं सांगायचं तर त्या घडीला मला दुसरं काहीच वाटत नव्हतं, फक्त थकवा. "टोप्या सर्दल्यात," मी म्हणाले. "भरून दिली तर तुमीच मराल. माझ्यानं ते व्हायचं न्हाई." ती शिव्या देत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बंदूक जिंतूरच्या ठाण्यात नेऊन दिली. तिथल्या फौजदारानं, अमीनसाहेबांनी, उर्दूत पावती लिहिली. उरलेली दारू मी येताना ओढ्यात ओतली. नशीब म्हणायचं, टोळी आमच्या गावापर्यंत आलीच नाही. दोन गावं सोडून आली. तिथं काय झालं ते ऐकलं तेव्हा, इथं आली असती तर पोरं रिकाम्या हातांनी उभी राहिली असती असं वाटून, त्या पोरांच्या आयांना तोंड दाखवायची मला लाज वाटायची. बरोबर केलं की चूक, ते मला आजही सांगता येत नाही.

राजवट गेली. मामंजी पावती घेऊन दोनदा ठाण्यात जाऊन आले. बंदूक सापडली नाही. तिसऱ्यांदा गेले नाहीत.

त्या वर्षी डुकरांनी डोंगराकडचं रान साफ केलं. मामंजी बांधावर उभे राहून तुडवलेली ज्वारी बघत होते. मग म्हणाले, "सूनबाई, पुढल्या साली हितं कापूस लावू. कापूस काय डुक्कर खात न्हाई."

लावला. पीक बरं आलं. वेचणीला बाया मिळेनात, म्हणून कमरेला कापसाची ओटी बांधून मीच सरीत उतरले.