दाजींच्या नजरेबाहेरची दुपार

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, महामार्गावर फायबर जोडण्याचं काम करतात. रस्त्यावरच्या दिव्यांच्या पाट्या, 'पुढे अपघात, वेग कमी करा' वगैरे, आपोआप उजळतात असं लोकांना वाटतं. हे ऐकलं की दाजींचं डोकं फिरतं. प्रत्येक पाटी, प्रत्येक कॅमेरा, संकटात मदत मागायचा प्रत्येक फोन रस्त्याकडेच्या कुठल्यातरी लोखंडी पेटीला जोडलेला असतो आणि त्या पेट्यांपासून कंट्रोल रूमपर्यंत जमिनीखालून केसाएवढ्या काचेच्या तारा जातात. तार तुटली की पाटी मुकी, कॅमेरा आंधळा. मग दाजी भर उन्हात छत्री रोवून, मांडीवर यंत्र घेऊन ती जोडत बसतात. घरी मात्र सुईत दोरा ताईलाच ओवून द्यावा लागतो.

माणूस कामाचा, पण बढाया फार. जेवायला बसलं की सुरू. "आमची रिंग असते, रिंग! तार इकडून तुटली तर चित्र तिकडून फिरून येतं. माझ्या पट्ट्यातून मुंगीसुद्धा न दिसता जायची नाही." हे आम्हाला इतकं पाठ झालं होतं की माझी भाची, त्यांची एकुलती एक लेक, त्यांच्याआधीच ओठ हलवून ते वाक्य पुरं करायची.

ती कॉलेजला महामार्गावरच्या बसने जायची. दाजींचा एक दोस्त कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. त्याला हे फोन लावायचे, "बघ रे जरा, आमच्या बाईसाहेब थांब्यावर पोचल्या का?" तो बिचारा कॅमेरा वळवून सांगायचा. आधी याचं सगळ्यांना कौतुक होतं. एवढी काळजी घेणारा बाप कुठे मिळतो! मग हळूहळू संध्याकाळी घरात चौकशी सुरू झाली. तो निळ्या शर्टवाला कोण? दोन बस सोडून तिसरीत का चढलीस? हसत कशाला होतीस एवढी?

"दाजी, पोरगी वाढवताय की ट्रक मोजताय?" असं मी एकदा म्हटलं. सगळे हसले, दाजीही. भाची ताट उचलून आत निघून गेली.

शिक्षण संपल्यावर तिला दूरच्या शहरात नोकरी मिळत होती. दाजी नाही म्हणाले. ताईने कारण विचारलं, तर म्हणतात, "तिथे माझे कॅमेरे नाहीत." मला वाटलं, थट्टा करतायत. पण गडी अगदी गंभीर होता! त्यावरून घरात रोज खटके उडू लागले आणि मग एकाएकी भाची गप्प झाली. दाजींना वाटलं, पोरगी समजूतदार आहे, पटलं तिला. बापांना असं का वाटतं कोण जाणे.

एका दुपारी ती लायब्ररीत जाते म्हणून बाहेर पडली, ती परतलीच नाही. फोन बंद. ताईने मला बोलावून घेतलं. दाजी कामावरून आले, अंगावर धूळ तशीच. पण त्यांनी हातपाय गाळले नाहीत. पाणी प्यायले आणि म्हणाले, "चल. कॅमेरे कशाला आहेत मग?" मला तेव्हा त्यांचा मोठा आधार वाटला.

कंट्रोल रूमची अख्खी भिंत पडद्यांनी भरलेली. ऑपरेटरने दुपारचं चित्रण मागे नेलं. दिसली! खांद्याला बॅग अडकवून सर्व्हिस रोडने सरळ चालली होती. पुढच्या कॅमेऱ्यात पादचारी पुलावरून उतरताना दिसली. दाजींनी माझा दंड घट्ट धरला. त्यापुढे गाड्या थांबतात ती मोकळी जागा. तिथला कॅमेरा लावला, तर पडदा काळा. 'सिग्नल नाही.' त्याच्या पुढचाही तसाच, त्याच्याही पुढचा.

ऑपरेटर खाली बघत म्हणाला, "दादा, तुमचंच काम चालू होतं ना तिथे."

रिंगची तार एका बाजूने उघडायची, जोडायची, तपासायची, आणि मगच दुसऱ्या बाजूला हात लावायचा, असा नियम आहे. तसं केलं तर एकही कॅमेरा बंद पडत नाही. पण त्यात सगळा दिवस जातो. म्हणून सगळेच जोडणारे दोन्ही बाजू एकदम उघडतात, झटपट उरकतात, आणि कंट्रोल रूम कानाडोळा करते. दाजी तर ही युक्तीही जेवताना फुशारकीने सांगायचे; त्या दुपारीही त्यांनी तेच केलं होतं. चित्र परत सुरू झालं तेव्हा त्या जागेवर एक टँकर तेवढा उभा होता.

पोलीस म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, आपण होऊन गेली आहे. ती कुठल्या गाडीत बसली, कुठल्या दिशेने गेली, काहीच कळायला मार्ग नव्हता. दाजींनी जिवाचं रान केलं. फोटो घेऊन बसचालकांना भेटले, टपऱ्या पालथ्या घातल्या. घरी आले की एकच धोशा, "एक बाजू चालू ठेवली असती तर..." ताईने तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. त्या घरात जायची मला भीती वाटू लागली.

शेवटी मी कामावरच त्यांना गाठलं. त्याच मोकळ्या जागेजवळ पेटी उघडून बसले होते. गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जात होत्या. मी जरा चिडूनच म्हणालो, "दाजी, किती दिवस स्वतःला खाणार? रोज सगळे करतात तेच तुम्ही केलंत. नेमकी ती त्याच वेळी गेली, हा योगायोग. त्याला तुम्ही काय करणार?"

"योगायोग नाही रे," ते म्हणाले. हात चालूच होते. "तुझ्या ताईला सांगितलेलं नाही अजून. त्या दिवशी सकाळी स्वतः चहा करून आणला तिने. शेजारी बसली. म्हणाली, बाबा, आज कुठे काम आहे? दोन्ही बाजू एकदम उघडणार का? मग कुठले कुठले कॅमेरे बंद राहतील? किती वेळ?"

मी पेटीशेजारी खाली बसलो.

"आजवर माझ्या कामाबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं तिने. मी चित्र काढून दाखवलं. तिला नीट कळेपर्यंत पुन्हा पुन्हा समजावलं." त्यांचा हात थांबला. "तिच्या जन्मानंतर एवढा आनंद मला कधी झाला नव्हता."