दार सोडून

खोली केवढी आहे, हे आमच्या ताईच्या सासऱ्यांखेरीज या पृथ्वीतलावर कुणालाही कळत नाही, अशी माझी पक्की समजूत आहे. बाकीचे लोक फुटांत मोजतात. मामाजी (ताई म्हणते म्हणून मीही मामाजीच म्हणतो) खोलीत काय मावतं ते मोजतात, आणि तेही नगावर. ताईला बघायला ते चंद्रपूरला आमच्या घरी आले, तेव्हा सगळे मुलीकडे बघत होते आणि हे छताकडे. पोह्यांची बशी हातात तशीच. छताचे पोपडे दिसले वाटतं, म्हणून वडील कासावीस. बऱ्याच वेळानं मामाजी गंभीरपणे म्हणाले, "या खोलीत काय येते जी?" वडील गडबडून म्हणाले, "पाहुणे." हे उत्तर त्यांना इतकं पसंत पडलं की लग्न तिथंच ठरल्यासारखं झालं. निघताना चपला घालता घालता त्यांनी आकडाही दिला. "एकोणतीस. पण उन्हाळ्यात बावीसच धरा."

त्यांचं गाव चंद्रपूरहून तासाभरावर, जंगलाला लागून. घराची आतली खोली मोहफुलांची. चैत्रात ताईच्या सासूबाई पहाटे फुलं वेचून आणायच्या, अंगणात वाळवायच्या आणि मग त्या खोलीत ओतायच्या. मामाजी कधी वाकले नाहीत. त्यांचं काम अंदाजाचं. त्यांनी एक पायली फुलं दोन दिवस, कुणाशी न बोलता, एकेक करून मोजली होती. पायलीवरून टोपली, टोपलीवरून जमीन, जमिनीवरून आढं, असं चढत चढत ते एक कोटी ऐंशी लाखांवर पोचले. दार सोडून! दार आत उघडतं तेवढी जागा ते हिशेबातून आवर्जून वगळत. "दारच नाई उघडलं तं ते खोली कायची? पेटी होते ते." प्रत्यक्षात ती खोली गुडघ्याएवढीसुद्धा कधी भरली नाही. एका वर्षी सासूबाईंनी चिडून त्यांची परीक्षाच घेतली. तेलाच्या टिनात फुलं भरली आणि विचारलं, किती? "चौदा हजार दोनशे." सासूबाई आणि ताई दोन दुपार मोजत बसल्या. चाळीस कमी भरली. "चाळीस उंदरानं नेले," मामाजी मान वर न करता म्हणाले.

मी एकदा थट्टेनं विचारलं, की मामाजी, या खोलीत काचेच्या गोट्या किती मावतील? ते खरंच रागावले. "इथी गोट्या कधी आल्या? जे खोलीत येत नाई, त्यानं खोली मोजू नये."

मग गावाखाली कोळसा निघाला आणि गाव उठणार असं ठरलं. मोजणीला एक तरुण बाबू टेप घेऊन आला. आतल्या खोलीसमोर त्यानं लिहिलं, दहा बाय दहा. मामाजी त्याच्या मागे मागे अंगणभर फिरले. "त्यात फुलं किती बसते, ते लिवलं काय?"

"त्याचा रकाना नाही, बाबा."

"मंग तुमची खोली मोजून झालीच नाई."

पोरगा भला होता. त्यानं शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'मोहफुले एक कोटी ऐंशी लाख, दार सोडून.' मामाजींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मगच सही केली. मी बाजूलाच उभा होतो आणि मला हसू आवरेना. त्या हसण्याची आता मला लाज वाटते. आपलं घर निदान कागदावर तरी पुरतं उतरावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

यंदा आषाढात सगळे नव्या वसाहतीत राहायला गेले. मी भेटायला गेलो. चकचकीत फरशी, पांढऱ्या भिंती, वर पंखा. आसपास झाड म्हणून नाही. मामाजींना बरं वाटावं म्हणून मी विचारलं, "या खोलीत किती मावतील?" ते उंबऱ्यात उभे राहून पूर्वीसारखे छताकडे बघत राहिले. मी वाट बघत होतो.

"मले नाई सांगता येत."

"काऊन मामाजी?"

"इथी काय येते जी?"

मला वडिलांचं उत्तर आठवलं. "पाहुणे," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "पाहुणे तं आमीच आहो इथी."

सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या. मामाजींनी सदऱ्याच्या खिशातून मोहाच्या चार बिया काढल्या, जुन्या झाडाखालच्या. बाहेर येऊन त्यांनी दार पुरतं उघडून पाहिलं, तिथून चार पावलं मोजली आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यादेखत वाकले. बिया पुरून झाल्यावर हात झटकत म्हणाले, "फुलावर याले बारा-पंधरा वर्सं लागते. मंग या, सांगतो."

मामाजींना यंदा एकोणऐंशीवं लागलं आहे. मी येतो म्हणालो.