पेन्सिलीनं लिहिलेले बेत

माझ्या मामेभावाइतक्या सच्च्या मनानं चुकीची तारीख सांगणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. तो थाप मारत नाही. "दिवाळीले येऊन राहिलो," असं तो फोनवर म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे खरोखरच आमचं अमरावतीचं अंगण असतं. फक्त दिवाळी येईपर्यंत तो लक्षद्वीपच्या वाटेला लागलेला असतो.

दादा मूळचा वलगावचा, संत्र्याच्या बागेतला. आई लहानपणीच गेली, म्हणून माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या आत्यानं, त्याला आमच्याकडे आणून वाढवलं. जिथं पाणी पाहायला विहिरीत वाकावं लागतं तिथला हा मुलगा पुढे मालवाहू जहाजावर इंजिनिअर झाला. निवृत्तीनंतर चारचौघांसारखं घर बांधायचं सोडून त्यानं कोचीला एका फ्रेंच म्हाताऱ्याची जुनी शिडाची बोट विकत घेतली. तेव्हापासून तो आणि वहिनी त्या बोटीवरच राहतात. बेत बदलायची खोड मात्र समुद्रानं लावलेली नाही. वहिनीला पाहायला म्हणून तो अकोल्याला निघाला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. मध्ये चिखलदऱ्याला जाऊन आला होता. अमरावतीहून अकोल्याला जाताना चिखलदरा कुठल्याही नकाशात वाटेवर येत नाही. "तिकडं ढग चांगले दिसून राहिले होते," एवढंच त्याचं म्हणणं. मुलीकडचे भडकले, मुलगी हसली, आणि लग्न ठरलं. "मले तवाच समजलं होतं," वहिनी आता सांगते, "का या मानसासंगं निघालं त डबा दोन दिवसांचा घ्या लागते."

बोटीवर त्याची एक वही आहे. पुढच्या प्रवासाचे बेत तिच्यात पेन्सिलीनं लिहिलेले असतात आणि खोडरबर दोऱ्यानं वहीलाच बांधून ठेवलेलं असतं. गोवा खोडून मालदीव, मालदीव खोडून अंदमान, अंदमान खोडून 'पंप दुरुस्ती'. प्रत्येक बदलाचं कारण तो फोनवर आईला इतकं मनापासून समजावतो की ऐंशी ओलांडलेली माझी आई, जिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, ती 'वारा तोंडावर आहे' म्हणजे काय हे दारावरच्या भाजीवालीला समजावून सांगू लागली. एका वर्षी तर त्यानं तीनदा येण्याची तारीख दिली. तिन्ही वेळा आईनं त्याच्या आवडीची पाटवडी केली आणि तिन्ही वेळा आम्ही दोघींनीच ती खाल्ली. तिसऱ्या खेपेला वड्या कापता कापता सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "तो येत नाई त आपण जाऊ."

गोव्याला भेटायचं ठरलं. संक्रांत झाल्यावर आम्ही बडनेऱ्याहून गाडीत बसलो. गोव्याला उतरतो न उतरतो तोच फोन. "आत्या, मी कारवारलेच अडकलो. वारा उत्तरेचा हाये. तुमी थांबा, मी परवा येतो."

"तू आता हालू नको," आई म्हणाली. "नांगर टाक अन् बसून राह्य."

कारवारला वहिनीनं वरून ओढलं, दादानं खालून आधार दिला, आणि आई रबरी होडीतून बोटीवर चढली. आत शिरून तिनं त्या एवढ्याशा खोलीत चौफेर पाहिलं. "देवघर त झ्याक हाये. सैपाकघर कुठी हाये?"

"आत्या, हेच ते," दादा म्हणाला.

जेवणं झाली. मग दादानं मला हळूच विचारलं, "वलगावच्या वावरात औंदा काय पेरलं?" मी सांगितलं, हरभरा. "घाटे धरले असतीन आता," तो म्हणाला आणि पाण्याकडे पाहत राहिला.

"तू येत काहून नाई रे?" आईनं सरळ विचारलं. त्यानं वाऱ्याचं सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबला. "वाऱ्याचं खरं हाये आत्या, पण तेवढंच नाई. घरी आलो त मंग मले परत निघवणार नाई. अन् इथं राह्यलो त घरची याद जात नाई. म्हून तारीख देतो. तारीख देली का चार दिवस बरं वाटते."

वहिनीनं तोंड फिरवून उगाच शेगडी पुसायला घेतली. आई त्याच्या पांढऱ्या झालेल्या केसांतून हात फिरवत होती. "मंग मले तारीख सांगत नको जाऊ बापू," ती म्हणाली. "तू तारीख सांगतो अन् मी फाटकाकडे पाहत बसतो. असाच येजो कवाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. त्यालाही आता दोन वर्षं होतील. दादा आलेला नाही, पण तारीखही सांगत नाही. फोन करतो, दोन-चार शब्द बोलतो आणि म्हणतो, "आत्या, ठेवू नको. फोन तसाच राहू दे तिथं." मग आई फोन ओट्यावर ठेवते. पलीकडे तो गप्प बसून आमच्या घराचे आवाज ऐकत असतो, आणि आम्ही दोघी गरजेपेक्षा थोडी जास्तच भांडी वाजवत राहतो.