येसर, रस्सा आणि अक्काचा खांदा

आमच्या घरात नाताळचं जेवण म्हणजे येसर घातलेला मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, भात आणि शेवटी पुरणाच्या करंज्या. लोकांना वाटतं, ख्रिस्ती म्हणजे केक. केक आमच्याकडेही असतो, बेकरीतला, वर गुलाबी फुलं काढलेला. पोरं त्याची फुलं खातात आणि बाकीचा तसाच ठेवतात. मोठी माणसं त्याच्याकडे लांबच्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात. आलाय, बसू दे. खरं जेवण रश्श्याचं.

हे जेवण दौंडला, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी होतं. आई गेली त्या वर्षी अक्कानं ते स्वतःकडे घेतलं. दाजी रेल्वेत होते. ते गेल्यावरही पंगत मोडली नाही. उपासना संपली की पंचवीस-तीस माणसं तिच्या अंगणात येऊन बसायची, ओरपून जायची, आणि अक्का संध्याकाळपर्यंत पातेली घासत राहायची. मी शिरूरहून जायचो, दोन वेळा रस्सा मागून घ्यायचो आणि तिच्याच पलंगावर दुपारचा आडवा व्हायचो. घरातला एकुलता एक भाऊ म्हणून माझी तेवढीच जबाबदारी होती आणि ती मी कधी टाळली नाही.

ज्यांना येसर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजरी, गहू आणि हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, त्यात धने, मिरे, सुकं खोबरं घालायचं आणि गिरणीतून दळून आणायचं. उकळत्या रश्श्यात हा येसर पडला की रस्सा दाट होतो, आणि मटण संपलं तरी पंगतीतला शेवटचा माणूस भाकरी कुस्करून पोटभर जेवतो. अक्का तो वैशाखात करायची आणि डबा वर्षभर पुरवायची.

परवाच्या वैशाखात तिचा फोन आला.

"यंदा येसर न्हाई होत बाबा. खांदा वरच उचलंना. डॉक्टर म्हनतो फ्रोजन हाय."

त्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन. तो पुण्याला कंपनीत आहे, मुद्द्याचं बोलतो. "मामा, मम्मीला आता झेपत नाही. नाताळला बाहेरून मागवू. चांगले केटरर आहेत आपल्याकडे."

मला राग आला. खरं तर हल्ली मला राग यायचाही कंटाळा येतो. निवृत्त झाल्यापासून बहुतेक गोष्टींना मी "बघू" म्हणतो आणि कूस बदलतो. पण केटरर म्हटल्यावर मी उठून बसलो. "आईनं चालू केलेलं जेवण आहे ते. मी असेपर्यंत मोडणार नाही. येसर मी करतो, रस्साही मीच करतो. तुझ्या आईनं नुसतं खुर्चीत बसायचं."

"ठीक आहे," भाचा म्हणाला. "यंदा तुम्ही करा. जमलं तर पुढंही घरीच. नाही जमलं तर माझं ऐकायचं."

मग अक्काला फोन करून हे सांगितलं. ती यावर काहीच बोलली नाही. ती माझ्या बाजूनं आहे असं मी धरून चाललो. आयुष्यभर मी असंच धरून चाललोय. गप्प बसलेला प्रत्येक माणूस मला माझ्याच बाजूचा वाटतो.

फक्त फोन ठेवता ठेवता ती एवढं म्हणाली, "बाजरी नीट भाज. कच्ची राहिली तर पीठ कडू पडतंय."

मी हसलो. मी हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस. तेलकट पदार्थ हवेत राहिला की खवट होतो, हा धडा मी इतक्या वर्गांना शिकवला की अर्धा शिरूर तालुका माझ्यामुळे त्या प्रश्नाचे गुण घेऊन पास झालाय. बाजरीत तेल असतं हेही मीच सांगायचो.

भाजायला बसलो दुपारी. मोठी कढई, तीन किलो बाजरी, शेजारच्या शेगडीवर धने, पंखा बंद, कारण पंख्यानं गॅस हलतो. पहिली दहा मिनिटं मी गाणं गुणगुणत होतो. पुढच्या दहा मिनिटांत गाणं थांबलं. मग घाम डोळ्यांत उतरला आणि उलथनं धरलेला हात मनगटापासून वर दुखत दुखत खांद्यापर्यंत आला. तिथं आल्यावर मला एक क्षण अक्का आठवली. इतक्या वैशाखांत तिनं हे किती वेळा केलं असेल, असा विचार आला. एखाद्या शहाण्या माणसाला त्या विचारानं बरंच काही सुचलं असतं. मला गॅस बंद करायचं सुचलं.

बायको आत येऊन म्हणाली, "अहो, अजून पांढरी दिसतीय."

"खमंग वास सुटलाय. वास सुटला की उतरवायचं असतं."

"वास धन्याचा सुटलाय, बाजरीचा नाही."

"तू केलायस का कधी येसर?"

तिनं केला नव्हता. तिला गप्प बसवल्याचा आनंद मला गिरणीपर्यंत पुरला. पीठ डब्यात भरलं, झाकणाला फडकं बांधलं आणि डबा माळ्यावर ठेवला. सात महिने मी त्याच्याकडे अभिमानानं खालून बघत होतो.

नाताळच्या दिवशी पहाटे बायको आणि मी डबा घेऊन निघालो. न्हावऱ्यापासून पुढं उसाच्या जोडट्रॉल्या सुरू झाल्या. एकीला मागं टाकावं तर पुढं दुसरी, तिच्यामागं लटकणाऱ्या वाढ्यांचे शेंडे काचेवर. चौफुल्यावर चहा घेतला, पाटसपर्यंत पुन्हा ट्रॉल्या. दौंडला पोचेपर्यंत कंबर गेली होती आणि अजून चूल पेटायची होती.

अक्का दारातच खुर्ची टाकून बसली होती. उजवा हात ओटीत ठेवलेला, दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तसा.

"आलास व्हय आचारी? हात धुतलंस का?"

"तू आज उठायचं नाहीस."

"कुठं उठतीय? बघाय बसलीय मी."

उपासनेला बाकीचे गेले, बायको मदतीला थांबली. मी आणि भाच्यानं अंगणात तीन दगड मांडून चूल केली. मटण शिजलं, छान शिजलं, तर्री आली. इथवर मी जिंकत होतो. मग डबा उघडला. बायकोनं नाक पुढं केलं.

"आधी जरा चाखून बघा."

"सात महिने मुरलाय. मुरलेल्या मसाल्याला असाच वास येतो."

"मामा, दोन मुठी टाकून बघू," भाचा म्हणाला.

दोन मुठींनी काय होतंय? माणसं तीस. मी अर्धा डबा ओतला. रस्सा बघता बघता दाट झाला, रंग असा आला की मीच त्याचा फोटो काढून शिरूरच्या मित्रांना पाठवला. चाखलं नाही. प्रार्थना झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी उष्टं करत नाही, आणि नेमका त्या दिवशी मला धर्म आठवला.

पंगत बसली. प्रार्थना मीच केली. अन्नाबद्दल आभार मानले, ज्या हातांनी ते केलं त्यांनाही आशीर्वाद मागितला, म्हणजे स्वतःलाच. आमेन झालं. भाकऱ्या मोडल्या. पहिला घास सगळ्यांच्या तोंडात एकदमच गेला असावा, कारण गप्पा एकदम थांबल्या.

आमचे एक चुलते आहेत, आबा, नव्वदीचे. त्यांनी घास गिळला, वर पाणी घेतलं आणि विचारलं, "काढा हाय का ह्यो?"

एक पोरगं ताटातच थुंकलं आणि त्यानं आईची चापट खाल्ली. बाकीचे खाली मान घालून कोरडी भाकरी चावत होते. मी चाखलं. कडूजार. कडुलिंब बरा म्हणावा असा. घशाच्या तळाला जाऊन बसणारा खवट कडूपणा. मी गूळ घालून बघितला, चिंच घातली. शेवटी रस्सा गोडही झाला, आंबटही झाला, आणि कडू होता तसाच राहिला.

अक्काच्या ताटात मीच वाढलं होतं. तिनं बोट बुडवून चाटलं आणि माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाजरी कच्ची," एवढंच म्हणाली आणि वाटी बाजूला सारली.

भाचा उठून गेटपाशी गेला, फोन लावला. मी ओरडलो, "अरे, थांब, भातावर दही घालून..." पण माझ्याकडे कुणी बघितलं नाही. तासाभरानं मोटरसायकलवरून दोघं जण बिर्याणीचे डबे घेऊन आले. तोवर करंज्या संपल्या होत्या आणि केकसुद्धा. केक संपलेला मी पहिल्यांदाच बघितला.

मला वाटलं, अक्का ताटाला हात लावणार नाही. आईची पंगत, तिचा मान, बाहेरचं अन्न. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "अक्का, माफ कर. तुझ्यासाठी भात-दूध आणू का?"

"भात-दूध कशाला? लेग पीस हाय का बघ त्यात."

तिनं डाव्या हातानं खाल्लं. हळूहळू, सांडत, पण सगळं खाल्लं. पुन्हा मागून घेतलं. तिची सून म्हणाली, "मम्मी, तुम्हाला बिर्याणी आवडते?"

"मला कुणी इचारलंय कवा?" अक्का म्हणाली आणि हाड चोखत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "म्होरच्या साली हीच सांगा. लिंबू जादा आनाय लावा."

भाच्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तेवढी सभ्यता त्याच्याकडे आहे.

मी म्हणालो, "अक्का, पण आईचं..."

"आईनं चुलीम्होरं उभं राहून काय सोसलं ते मी बघितलंय. तू बघितला नुसता रस्सा." मग हात पुढं केला. "उठव मला. पडते जरा."

मी तिला उठवलं. खांद्याला धक्का लागू नये म्हणून कमरेला हात घातला. एवढ्याशा चालण्यात ती दोनदा थांबली. पलंगावर उजवी बाजू वर करून निजली आणि म्हणाली, "दार लोट."

बाहेर माणसं पांगली होती. राख झालेल्या चुलीवर ते पातेलं, त्यात तीस माणसांचा कडू रस्सा, वर गोठलेल्या तर्रीचा थर. बायकोनं माझ्यासमोर घासणी आणि राखेची वाटी ठेवली.

"बूड नीट घासा," म्हणाली. "करपलंय."

मी पाटावर बसलो आणि घासायला लागलो. अर्ध्या तासानं हात भरून आला, थांबलो. आतून घोरण्याचा आवाज येत होता. मोठा, खरखरीत, एका लयीचा. नाताळच्या दुपारी अक्का झोपलेली मी आजवर कधी बघितली नव्हती, कारण त्या पलंगावर मी असायचो.

मी पाणी ओतलं आणि पुन्हा बुडाशी लागलो, आवाज होणार नाही अशा बेतानं.